विंडोजचा दुसरा मंगळवार : अपडेट घेताना आणि घेतल्यावर

माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांचं ऑफिस. महिन्याची ११ तारीख, संध्याकाळचे सहा. जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, आठ-दहा पार्ट्यांचं काम बाकी, आणि ऑपरेटरचा कॉम्प्युटर अडकला म्हणून त्याने रीस्टार्ट मारला. पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली : अपडेट चालू आहे, ३० टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. सरांचा मला फोन. "बटण दाबून बंद करू का? परत चालू केला की होईल ना नीट?"

"सर, हात लावू नका. त्याला दुसऱ्या मशीनवर बसवा."

जुनी हार्ड डिस्क होती, सव्वा तास गेला. शेवटचं रिटर्न रात्री साडेनऊला भरलं. सगळ्यांनी मिळून अपडेटला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मी हिस्टरी उघडून पाहिली, तर ते अपडेट आदल्या महिन्याचं निघालं. जवळजवळ तीन आठवडे उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी नारिंगी ठिपका दिसत होता आणि प्रत्येक जण "नंतर" म्हणत होता.

घरची आणि चार छोट्या ऑफिसांची मशीन सांभाळताना माझं एक मत पक्कं झालंय. अपडेटनंतरच्या दहातल्या सात तक्रारी अपडेटच्या नसतात, चुकीच्या वेळेच्या, भरलेल्या डिस्कच्या किंवा मध्येच बंद केलेल्या मशीनच्या असतात. उरलेल्या तीन मात्र खऱ्या असतात. खाली दोन्हींबद्दल लिहितो. इथे मी विंडोज ११ धरून चाललो आहे. विंडोज १० मध्ये बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतील, इतकंच.

आधी कॅलेंडर

मायक्रोसॉफ्ट २००३ च्या ऑक्टोबरपासून सुरक्षेची अपडेट्स ठरलेल्या दिवशी देते : दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा वाजता ती सुटतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. म्हणजे आपला खरा दिवस बुधवार. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच कुठेतरी पडतो, आणि जीएसटीआर-१ ची मुदत ११. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी आले होते. हिशेबाचं काम करणाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, हा मंगळवारही मांडून ठेवावा.

महिन्याच्या शेवटी शेवटी आणखी एक अपडेट दिसतं, त्यावर 'प्रीव्ह्यू' असा शब्द असतो. ते ऐच्छिक. त्यात नव्या सोयी आणि पुढच्या महिन्याच्या दुरुस्त्यांची आधीच चव असते. नवख्या माणसाने ते घेऊ नये. 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये दिसणाऱ्या ड्रायव्हरच्या (प्रिंटर, वायफाय अशा वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या) यादीलाही काही बिघडलेलं नसेल तर हात लावू नये.

मग दुसऱ्या मंगळवारचं घ्यायचं कधी? घरच्या मशीनवर मी चार-पाच दिवस थांबतो आणि पुढच्या शनिवार-रविवारी घेतो. थांबण्याचं कारण सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटने एक विचित्र घोटाळा केला : मशीन बिघडल्यावर ज्या दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जायचं, तिथेच यूएसबीचा माऊस आणि कीबोर्ड चालेना. एरवी सगळं ठणठणीत. सहा दिवसांनी, २० तारखेला, तातडीचं वेगळं अपडेट काढून त्यांनी ते निस्तरलं. शनिवारपर्यंत थांबलेल्याला निदान बातमी तरी कळली होती. पण थांबणं म्हणजे आठवडाभर, दोन महिने नव्हे. आणि विंडोजच्या सुरक्षेतल्या एखाद्या फटीचा गैरवापर सुरू झाल्याची बातमी आली तर तेवढंही थांबू नये.

दोन महिने थांबल्यावर काय होतं, ते २०१७ साली जगाने पाहिलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच भोकातून आत शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या मशीनमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा आला. त्याच्या हत्यारांमध्ये हे भोकही एक हत्यार होतं. त्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं.

बटण दाबण्याआधी

पहिली गोष्ट जागा. सी ड्राइव्हवर निदान १५-२० जीबी मोकळे हवेत. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन कचरा काढता येतो. मात्र त्या यादीत 'डाउनलोड्स' नावाचाही एक चौकोन असतो. त्यावर खूण करून 'रिमूव्ह' दाबलं की डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवलेले आधार, मार्कलिस्टा, लग्नाचे फोटो सगळं जातं. लोक कामाच्या वस्तू तिथेच ठेवतात, म्हणून हे आवर्जून लिहिलं.

दुसरी गोष्ट वीज आणि नेट. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालतोय ना ते बघा. आमच्याकडे ज्या वारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या वारी मी अपडेटच्या वाटेला जात नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर महिन्याचं अपडेट कधी कधी जीबीच्या वर जातं, दीड जीबीच्या रोजच्या पॅकचा त्यात निकाल लागेल. वायफायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की विंडोज शक्यतो आपणहून मोठं काही उतरवत नाही.

तिसरी गोष्ट, जी कोणीच करत नाही, ती म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची, किल्ली. ही माझ्या मावशीमुळे शिकलो.

मावशीने नवा लॅपटॉप घेतला होता. एका अपडेटनंतर सकाळी चालू केला तर निळा पडदा आणि एक लांबलचक रकाना. "अरे, हा ४८ आकडी नंबर मागतोय. बँकेचा आहे का रे?" बँकेचा नव्हता. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते, आणि एरवी ते कुलूप दिसतही नाही. अपडेटने मशीनच्या बुडातलं काही बदललं की कधीकधी विंडोजला शंका येते आणि ते किल्ली मागतं. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने काही मशीनवर अगदी हेच केलं होतं.

"मावशी, लॅपटॉप सेट करताना कुठला ईमेल दिला होतास?"

"तो दुकानातल्या मुलाने काहीतरी टाकला होता."

इथे माझ्या पोटात गोळा आला. सुदैवाने त्या मुलाने मावशीच्याच मोबाइल नंबरवर खातं काढलं होतं. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरलो, तिथे 'डिव्हायसेस'मध्ये त्या लॅपटॉपखाली किल्ली जपून ठेवलेली होती. पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या आयडीशी जुळवायची आणि मग ४८ आकडे शांतपणे टाकायचे. मावशीने वाचून दाखवले, मी टाकले, सहा-सहाचे आठ गट. तुम्ही आज, मशीन चालू असतानाच, हे पान उघडा. किल्ली दिसत असेल तर कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा. खातं कोणाचं आहे हेच माहीत नसेल, तर ते शोधल्याशिवाय अपडेटही करू नका आणि लॅपटॉप कोणाला दुरुस्तीलाही देऊ नका. किल्ली नसली की त्या डिस्कवरचा डेटा मायक्रोसॉफ्टलाही काढून देता येत नाही.

चौथी गोष्ट बॅकअप. कामाचं फोल्डर, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, फोटो बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून ती वस्तू मशीनपासून काढून ठेवा. लावून ठेवलेला बॅकअप व्हायरसलाही सापडतो.

आता अपडेट

सेटिंग्ज उघडा, डावीकडे सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट'. 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. उतरणं आणि बसणं चालू असताना काम करता येतं, फक्त मशीन मंद वाटेल. शेवटी 'रीस्टार्ट नाऊ' येईल तेव्हा सगळ्या फायली सेव्ह करून मगच दाबा. रीस्टार्ट आणि शट डाउन या दोन गोष्टी सारख्या नाहीत. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर साधं शट डाउन म्हणजे अर्धवट झोपच असते, त्यामुळे बारीकसारीक अडचणीतही रीस्टार्टच मारावा.

तिथेच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणजे कामाचे तास ठरवता येतात, जास्तीत जास्त १८ तास. त्या वेळेत मशीन स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. परीक्षा, मुलाखत, रिटर्नचा आठवडा असेल तर 'पॉज' वापरा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. इंटरनेटवरचे कोणी सांगतात तशी अपडेट कायमची मारून टाकणारी छोटी सॉफ्टवेअर घेऊ नका. क्रॅक केलेल्या विंडोजवर दुकानदार बऱ्याचदा हेच करून देतात आणि पुढे तीन वर्षं त्या मशीनला एकही दुरुस्ती मिळत नाही.

टक्के कुठेतरी अडकतात. २७, ३०, ७४, १०० वरसुद्धा. एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) असेल तर दहा-वीस मिनिटांत निभावतं, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दीड-दोन तासही लागतात. डिस्कचा बारका दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. तीन तास झाले, दिवा मेला, गोल फिरणंही थांबलं, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. 'बदल मागे घेत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं तर घाबरू नका, अपडेट बसलं नाही म्हणून विंडोज स्वतःच मूळपदावर येत असतं. त्यातही मध्ये पडू नका.

झाल्यावर पहिला तास-दोन तास पंखा जोरात आणि मशीन मंद. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज मॉड्युल्स इन्स्टॉलर वर्कर' सगळ्यात वर दिसेल, तो मागची आवराआवर करतोय. याला मी बिघाड धरत नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर धरतो.

खरा बिघाड आला तर

एकच काम करा : काय बिघडलं ते एका वाक्यात लिहा. "कॉम्प्युटर नीट चालत नाही" हे वाक्य नाही. "बुधवारपासून शेजारच्या टेबलावरचा शेअर केलेला प्रिंटर लागत नाही, पडद्यावर येणाऱ्या एरर कोडच्या शेवटी ११बी आहे" हे वाक्य आहे. एवढं लिहून शोधलं की निम्म्या वेळा उत्तर समोर येतं. मायक्रोसॉफ्टचं 'रिलीज हेल्थ' नावाचं पान असतं, त्यावर प्रत्येक आवृत्तीचे माहीत झालेले दोष आणि त्यांची स्थिती लिहिलेली असते.

तो ११बी चा प्रिंटर मी उगाच घेतला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये छपाईच्या यंत्रणेतली 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी फट उघडी पडली. ती आणि छपाईतल्या दुसऱ्या फटी बुजवायला एकामागून एक दुरुस्त्या आल्या आणि सप्टेंबरपर्यंत एका मशीनला लावून बाकीच्यांना वाटलेले प्रिंटर जागोजागी बंद पडले. एक प्रिंटर आणि पाच मशीन हा तर आपल्या छोट्या ऑफिसांचा नियमच. तेव्हा अनेकांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक आकडा शून्य करून प्रिंटर चालू केला, म्हणजे त्यांतली एक बुजवलेली फट परत उघडली. मी तसं केलं नाही. सगळी पाचही मशीन एकाच पातळीच्या अपडेटवर आणली, ड्रायव्हर प्रत्येकावर ॲडमिन होऊन नव्याने टाकला, आणि जिथे जमलं तिथे प्रिंटर नेटवर्कच्या केबलला लावून त्याला स्वतःचा पत्ता दिला. अर्धा दिवस गेला. साधा प्रिंटर नुसता रांगेत अडकला असेल तर एवढं लागत नाही : स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, 'प्रिंट स्पूलर'वर उजवी क्लिक, रीस्टार्ट.

आवाज, वायफाय, टचपॅड गेला तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या वस्तूच्या गुणधर्मांत 'ड्रायव्हर' टॅब असतो. तिथलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर दाबा. राखाडी असेल तर लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. मराठी टाइप करणाऱ्यांची एक किरकोळ तक्रार मला दरवेळी येते : कीबोर्ड बदलला. बहुतेक वेळा बदललेला नसतो, यादीत आणखी एक घुसलेला असतो. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून कुठला निवडलाय ते बघा.

यातल्या कशानेच भागलं नाही आणि त्रास अपडेटच्या दिवसापासूनच असेल, तर ते अपडेट काढा. विंडोज अपडेट, 'अपडेट हिस्टरी', खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तारीख बघून शेवटचं काढा, रीस्टार्ट करा. काढल्याबरोबर आठवड्याचा 'पॉज' लावा, नाहीतर रात्रीतून तेच परत येऊन बसेल आणि तुम्ही म्हणाल की काढून उपयोग झाला नाही. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती असेल तर 'सिस्टीम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. ही परतीची वाट सहसा फक्त दहा दिवस उघडी असते, आणि टेम्पररी फाइल्समधलं 'प्रीव्हियस विंडोज' पुसलंत तर त्याआधीच बंद होते.

मशीन सुरूच होत नसेल तर : चालू करा, विंडोजची खूण दिसली की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो. 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', त्यात 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट'. महिन्याचं अपडेट म्हणजे क्वालिटी, मोठी आवृत्ती म्हणजे फीचर. इथेही ४८ आकडे मागितले जाऊ शकतात. कपाटातला कागद आठवा.

प्रत्येक निळा पडदा मात्र विंडोज अपडेटच्या माथी मारू नये. १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लोक मायक्रोसॉफ्टला बोल लावत होते. दोष क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका फाइलीचा होता, आणि घरगुती मशीनवर ते सॉफ्टवेअर सहसा नसतंच. तुमच्या मशीनवर बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर संशयितांच्या यादीत त्यालाही धरा.

उलटा प्रकार म्हणजे अपडेट बसतच नाही, दरवेळी फेल. आधी जागा बघा, मग मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे का ते. मग 'सर्व्हिसेस'मध्ये 'विंडोज अपडेट' थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' उघडा, त्यातल्या 'डाउनलोड' फोल्डरच्या आतलं सगळं पुसा, सर्व्हिस परत चालू करून पुन्हा प्रयत्न करा. अर्धवट उतरलेला माल जातो आणि नव्याने येतो. जानेवारी २०२४ मध्ये शेवटी ०६४३ असलेला एक कोड कित्येकांना छळत होता. तिथे जागा कमी होती ती डिस्कवरच्या लपलेल्या रिकव्हरी विभागात, सी ड्राइव्ह रिकामा करून काही फरक पडत नव्हता. डिस्कच्या अशा विभागांची (पार्टिशनची) मोडतोड शिकाऊ माणसाने करू नये. तसलं काही आलं तर जाणकाराला बोलवा.

विंडोज १० वाले अजून बरेच आहेत. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स वाढवून मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्यात साठवल्या तर पैसे पडत नाहीत. विंडोज ७ वर अजून टॅली चालवणारे असतील, त्यांनी निदान त्या मशीनवर बँक उघडू नये.

आणि ब्राउझरमध्ये वेबसाइट बघताना "तुमचं विंडोज जुनं झालं, इथे दाबा" असं आलं तर ते खोटं. खरं अपडेट सेटिंग्जमध्येच असतं. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन आला तर ठेवून द्या.

शेवटी दुकान. तिथे पहिलं वाक्य ऐकू येतं : "फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये." फॉरमॅटने बहुतेक बिघाड जातात हे खरं, पण त्याच्याबरोबर टॅलीचा डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जुने मराठी फॉन्ट आणि कधीकधी मूळ विंडोजसुद्धा जातं, परत येतं ते क्रॅक केलेलं. त्याआधी एक मधली पायरी विंडोज ११ मध्ये आहे : 'सिस्टीम', 'रिकव्हरी', 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट', 'रीइन्स्टॉल नाऊ'. तुमच्या फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज पुन्हा बसतं. दोन-तीन तास आणि चांगलं नेट लागतं. ऑफिसांच्या मशीनवर मी हे चारदा केलं, तीनदा काम झालं. चौथ्यांदा हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत होती, आणि त्यात अपडेटचा काही संबंध नव्हता.